उत्तरायुष्यातील श्रद्धा आणि जीवनप्रयोजन : मराठी ख्रिस्ती चरित्रांच्या आधारे एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात धर्मांतर हा विषय वारंवार चर्चिला गेला आहे. ही चर्चा बहुधा धर्मांतराच्या क्षणाभोवती फिरत राहते. बाप्तिस्मा कोणत्या दिवशी झाला, त्यामुळे समाजात कोणती खळबळ उडाली, कोर्टकचेऱ्या कशा झाल्या, वृत्तपत्रांनी काय लिहिले, हे प्रश्न अभ्यासकांनी सविस्तर हाताळले आहेत. परंतु त्यानंतर ती व्यक्ती तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षे जगली असेल, तर त्या प्रदीर्घ आयुष्याचे, विशेषतः त्याच्या अखेरच्या टप्प्याचे, काय झाले? तारुण्यात स्वीकारलेली श्रद्धा वार्धक्यातील आजार, वैधव्य, अपत्यवियोग आणि आर्थिक ओढग्रस्त यांच्यापुढे टिकली काय? टिकली असल्यास तिचे स्वरूप तेच राहिले की बदलले? या प्रश्नांकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे.

प्रस्तुत लेखात बाबा पदमनजी (१८३१-१९०६), पंडिता रमाबाई (१८५८-१९२२), नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या उत्तरायुष्याचा विचार केला आहे. या चौघांनीही विपुल लेखन मागे ठेवल्यामुळे त्यांच्या अंतःकरणातील घडामोडींचा मागोवा घेणे शक्य होते. लेखाचा मुख्य भर लक्ष्मीबाईंवर आहे. कारण वैधव्यानंतरच्या सतरा वर्षांत त्यांनी जे कार्य केले, त्यात या विषयाचे सर्व धागे एकत्र आलेले दिसतात.

अभ्यासाची व्याप्ती

'वृद्धत्व' ही संज्ञा आजच्या अर्थाने त्या काळाला लावता येणार नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे वीस ते पंचवीस वर्षांच्या दरम्यान होते. बालमृत्यूंचे प्रचंड प्रमाण हे त्याचे मुख्य कारण असले, तरी प्लेग, दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांनी प्रौढांचीही मोठी हानी केली होती. अशा काळात पन्नाशी ओलांडलेली व्यक्ती म्हातारी समजली जाई. म्हणून येथे पन्नाशीनंतरचा काळ 'उत्तरायुष्य' या अर्थाने घेतला आहे. सत्तावन्नाव्या वर्षी निवर्तलेल्या टिळकांचा समावेश याच दृष्टीने केला आहे.

धर्मांतर आणि वार्धक्याचा आधार

धर्मांतरामुळे व्यक्तीने नेमके काय गमावले, याचा विचार करताना आपण साधारणतः जात आणि प्रतिष्ठा यांचा उल्लेख करतो. परंतु त्याहून दूरगामी अशी आणखी एक हानी होती. ती म्हणजे म्हातारपणाच्या व्यवस्थेची हानी. एकत्र कुटुंब ही त्या काळातील एकमेव वार्धक्य-विमा योजना होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. निवृत्तिवेतन सरकारी नोकरीतील थोड्यांनाच मिळे. शेतीवाडी, भाऊबंद, मुले-सुना आणि जातीची पंगत हाच वृद्धाचा आधार असे. धर्मांतर करणाऱ्याच्या बाबतीत हा आधार एका दिवसात तुटत असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क नष्ट होणार नाही, अशी तरतूद केली होती. तथापि कायद्याने मिळालेला हक्क आणि घराच्या उंबरठ्याच्या आत मिळणारी जागा यांत मोठे अंतर होते. आजारपणात उशाशी कोण बसणार, पाणी कोण देणार आणि अखेरीस खांदा कोण देणार, हे प्रश्न कायद्याच्या कक्षेत येत नव्हते.

याबरोबरच एक सांस्कृतिक चौकटही मागे पडत होती. परंपरेने वार्धक्याला एक अर्थ दिलेला होता. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले आणि नातवाचे मुख पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. प्रत्यक्षात फार थोडे लोक वनात जात. परंतु संसारातून मन काढून घेणे, तीर्थयात्रा, नामस्मरण, वारी आणि काशीवास अशा रूपांनी ही कल्पना घरोघर जिवंत होती. उतारवयात काय करावे, याचे उत्तर समाजाने तयार ठेवले होते. ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीपुढे असे तयार उत्तर नव्हते. बायबलमध्ये वृद्धांच्या प्रतिमा आहेत. देवळात बाल येशूची वाट पाहणारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना लूकच्या शुभवर्तमानात भेटतात. म्हातारपणी देवाने आपल्याला टाकून देऊ नये, अशी विनवणी स्तोत्रसंहितेत आहे. परंतु मराठी मातीत ख्रिस्ती वृद्धाने कसे जगावे, याचा पूर्वीचा कित्ता उपलब्ध नव्हता. तो या पिढीला स्वतःच्या आयुष्याने गिरवावा लागला.

बाबा पदमनजी : लेखणीचा आधार

बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'यमुनापर्यटन' या पुस्तकामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले. पाळकाचे काम सोडल्यानंतर त्यांनी आपले उत्तरायुष्य ग्रंथलेखन, संपादन आणि भाषांतर यांना वाहिले. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात जाते.

'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पदमनजी सत्तावन्न वर्षांचे होते. या ग्रंथाचे नाव विचारात घेण्यासारखे आहे. आयुष्याच्या संध्याकाळी लिहिलेल्या पुस्तकाला त्यांनी पहाटेचे नाव दिले. ते प्रामुख्याने बाल्य, तारुण्य आणि धर्मांतरापर्यंतचा प्रवास सांगतात. वार्धक्यात मागे वळून पाहण्याचे त्यांचे प्रयोजन आपल्या जीवनाची साक्ष पुढील पिढीच्या हाती देणे हे होते. घराण्याची परंपरा खंडित झालेल्या माणसाने लेखनाच्या द्वारे नवी परंपरा निर्माण करण्याचा हा प्रयत्न होता. पुढे रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्याही बाबतीत लेखनाने हेच कार्य केलेले दिसते.

नारायण वामन टिळक : ख्रिस्ती संन्यास

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढील दोन तपे ते अहमदनगर आणि राहुरी परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. कवी म्हणून त्यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली होती. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. परंतु मिशनच्या चौकटीत त्यांचे मन रमेना. भारतीय ख्रिस्ती समाज परकीय पैशावर आणि परकीय वळणावर अवलंबून राहतो, ही खंत त्यांना सतत जाचत होती. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यास स्वीकारला आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभारण्याचा संकल्प केला. त्या वेळी त्यांचे वय छप्पन्नच्या आसपास होते आणि प्रकृती खालावत चालली होती.

या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, धर्मांतराबरोबर मागे पडलेली आश्रमव्यवस्थेची कल्पना टिळकांनी नव्या अर्थाने पुन्हा स्वीकारली. पारंपरिक संन्यासात संसाराबरोबर लोकव्यवहाराचाही त्याग अभिप्रेत असतो. टिळकांचा संन्यास मात्र लोकांपासून दूर नेणारा नव्हता. वेतन आणि अधिकार यांचा त्याग करून लोकांत अधिक मिसळणे, हा त्याचा आशय होता. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या त्यांच्या मनाला भक्ती आणि लोकसंग्रह यांत विरोध दिसत नव्हता.

तथापि या त्यागाची दुसरी बाजूही इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. वेतन सोडण्याचा निर्णय एकाचा होता. त्याची झळ मात्र सर्व घराला लागणार होती. टिळकांच्या औदार्याचे आणि तडकाफडकी निर्णयांचे ओझे लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर कसे वाहिले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहेच. पुरुषाचा संन्यास पुष्कळदा स्त्रीच्या कष्टांवर उभा असतो, हे सत्य ख्रिस्ती संन्यासालाही लागू पडते.

टिळकांचा मृत्यू ९ मे १९१९ रोजी मुंबईत झाला. दरबाराची कल्पना बाल्यावस्थेतच राहिली आणि 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते. त्यांचे उत्तरायुष्य असे दोन अपूर्ण कार्यांपाशी थांबले.

पंडिता रमाबाई : वियोग आणि व्रत

रमाबाईंच्या आयुष्यात वियोगाची मालिका तरुणपणीच सुरू झाली होती. आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती निवर्तले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच काळात बहिरेपणाने त्यांना गाठले आणि वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा त्यांचा विचार मागे पडला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्यास गेले आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांत केडगावची मुक्ती वसाहत उभी राहिली.

केडगावच्या व्यवस्थेतील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथे बालविधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली यांच्याबरोबरच वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी 'प्रीतिसदन' नावाचा स्वतंत्र विभाग होता. अंध स्त्रियांना शिकविण्याची सोयही तेथे होती आणि त्यात रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांचा पुढाकार होता. म्हातारी, आंधळी किंवा पांगळी स्त्री कुटुंबाला नकोशी झाली, तर तिला हक्काची जागा असावी, ही कल्पना त्या काळात नवी होती.

वयाच्या सेहेचाळिशीच्या सुमारास रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. संस्कृतच्या या विदुषीला संस्कृतप्रचुर मराठी नको होती. मुक्ती सदनात राहणाऱ्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या स्त्रीला समजेल असे बायबल त्यांना हवे होते. त्यासाठी त्यांनी उतारवयाकडे झुकताना नव्या भाषांचा अभ्यास केला. छापखाना केडगावचाच होता आणि तेथील टाइप जुळविण्यापासूनची कामे मुलीच करीत. हे काम सुमारे सतरा-अठरा वर्षे चालले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्या जेमतेम चाळीस वर्षांच्या होत्या. निजाम संस्थानातील गुलबर्गा येथे शैक्षणिक कार्य उभे करणारी, आईच्या बहिरेपणामुळे तिचे कान झालेली आणि सर्व कार्याची वारस मानली गेलेली ही एकुलती एक मुलगी होती. रमाबाईंचे वय त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे होते. यानंतर त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत. परंतु या महिन्यांत भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि काम संपताच त्या निवर्तल्या, अशी हकीकत मुक्तीच्या परंपरेत सांगितली जाते. भक्तांच्या स्मरणात अशा हकीकतींना सुबक आकार येतो, हे अभ्यासकाने ध्यानात घ्यावे; तरीही मृत्यूपूर्वी काम पूर्ण करण्याची त्यांची तळमळ संशयातीत आहे. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रकाशात आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. रमाबाईंच्या श्रद्धेने दुःखाचे कारण सांगितले नाही. मुलगी का गेली, या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले की नाही, हे आपल्या हाती असलेल्या साधनांवरून सांगता येणार नाही. श्रद्धेने त्यांना दिले ते रोज सकाळी उठून पूर्ण करावयाचे काम. शोक आणि काम यांचे सहअस्तित्व हेच त्यांच्या अखेरच्या वर्षाचे सार होय.

लक्ष्मीबाई टिळक : वैधव्यातून कर्तृत्वाकडे

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याओवळ्याचे चटके त्यांनी बालपणी सोसले. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. लिहिणे-वाचणे विवाहानंतर आणि तेही अडखळत आले. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे लगेच टाकले नाही. आधी स्वतःच्या मनाशी झगडून त्यांनी जातिभेदाची कल्पना सोडली आणि नंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे पत्नी, असा हा प्रवास नव्हता. त्यांची श्रद्धा त्यांनी स्वतः कमावली होती आणि म्हणूनच ती पतीच्या मृत्यूनंतरही त्यांच्यापाशी राहिली.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई एकावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या. हिंदू विधवेला त्या काळी जे भोगावे लागे, त्यातील केशवपनासारखे प्रकार ख्रिस्ती विधवेच्या वाट्याला येत नसत. परंतु माहेर-सासरचा आधार मात्र तिला नव्हता. टिळकांनी मागे संपत्ती ठेवली नव्हती. ठेवली होती ती माणसे. घरात सांभाळलेली पोरकी मुलेही त्यांत होती. लक्ष्मीबाईंना उतारवयात वसतिगृहाच्या देखरेखीसारखे काम पत्करावे लागले. पुढे मुलगा देवदत्त यांच्या नोकरीच्या निमित्ताने त्या कराचीस गेल्या. ज्या स्त्रीने बालपणी नाशिकच्या वाड्याबाहेर पाऊल टाकले नव्हते, तिने वार्धक्यात सिंधमध्ये बिऱ्हाड थाटले. नव्या शहराची भाषा, माणसे आणि हवापाणी यांच्याशी जुळवून घेताना त्यांनी तक्रारीपेक्षा कुतूहलाचा मार्ग पत्करलेला दिसतो.

'स्मृतिचित्रे'च्या लेखनामागील प्रेरणा प्रथमतः दुय्यम स्वरूपाची होती. देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. म्हणजे आरंभी लक्ष्मीबाईंची भूमिका साक्षीदाराची होती. परंतु लिहिता लिहिता ती बदलली. टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून सुरू झालेले लेखन एका स्वतंत्र व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार ठरले. 'संजीवनी' या नियतकालिकातून ते प्रथम वाचकांपुढे आले आणि १९३४ पासून त्याचे भाग पुस्तकरूपाने निघू लागले. साठी उलटून गेल्यानंतर ही जवळजवळ निरक्षर राहिलेली स्त्री मराठीतील सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एकाची लेखिका म्हणून महाराष्ट्रासमोर उभी राहिली. पुस्तकाचा अखेरचा भाग त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये जोसेफिन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर आले आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी नव्याने संपूर्ण भाषांतर केले, यावरून या ग्रंथाची टिकाऊ शक्ती लक्षात येते.

'स्मृतिचित्रे'तील विनोदाविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्या विनोदाकडे श्रद्धेचे एक रूप म्हणून पाहता येईल. वडिलांचे सोवळे, पतीचे हट्ट, प्लेगची छावणी, दारिद्र्य आणि स्वतःची फजिती या साऱ्यांकडे लक्ष्मीबाई हसून पाहतात. त्यांनी दुःख लपविले नाही, त्याचे भांडवल केले नाही आणि कोणाला शापही दिला नाही. ज्याचा हिशेब आपण चुकता करावयाचा नसून देवाच्या हाती आहे, असे मनापासून वाटते, त्यालाच असे हसता येते. त्यांची क्षमाशीलता उपदेशातून व्यक्त होत नाही, ती कथनाच्या सुरातून जाणवते.

'ख्रिस्तायना'ची कथा अधिक उद्बोधक आहे. पतीने अर्धवट सोडलेले महाकाव्य पूर्ण करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. टिळकांनी दहा-अकरा अध्याय रचले होते; लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध रचनेत साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. अपूर्ण कार्य पूर्ण करणारी पत्नी, एवढ्याच चौकटीत या कामाकडे पाहणे अपुरे ठरेल, कारण पूर्ण ग्रंथाचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंचाच आहे. जात्यावर आणि देवघरात बालपणापासून कानांवर पडलेली ओवी त्यांनी ख्रिस्तचरित्रासाठी वापरली. धर्मांतराने त्यांना परंपरेपासून तोडले, असे म्हणणाऱ्यांना या ग्रंथाने परस्पर उत्तर दिले आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये देवदत्त यांनी प्रसिद्ध केले.

तुलनात्मक विवेचन

वरील चार चरित्रांतून काही समान सूत्रे हाती लागतात.

पहिले सूत्र असे की, उत्तरायुष्यात श्रद्धेचा भर बदलतो. तारुण्यात सत्य कोणते, हा प्रश्न प्रधान होता. पदमनजी आणि टिळक यांनी त्यासाठी वादविवाद केले, पुस्तके धुंडाळली. उतारवयात हा प्रश्न मागे पडून, उरलेल्या दिवसांचे काय करावे, हा प्रश्न पुढे येतो. सिद्धांताची जागा सेवा आणि साक्ष घेतात.

दुसरे सूत्र अपूर्ण कार्याचे आहे. रमाबाईंचे बायबल, टिळकांचे 'ख्रिस्तायन', लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ही सर्व कामे कर्त्याच्या आयुष्यापेक्षा मोठी होती. तिन्ही ग्रंथ, पूर्णतः किंवा अंशतः, कर्त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशात आले. वृद्धाला जगण्याचे बळ मिळते ते संपलेल्या कामाच्या समाधानापेक्षा न संपलेल्या कामाच्या ओढीतून, असे यावरून म्हणता येईल. मात्र ते काम पुढे नेणारे कोणीतरी हवे. टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई होत्या, लक्ष्मीबाईंच्या मागे देवदत्त होते आणि रमाबाईंच्या मागे मुक्तीचा परिवार होता.

तिसरे सूत्र आधाराचे आहे. श्रद्धा एकट्याने धरावी लागते. पण ती एकट्याने निभावता येत नाही. धर्मांतराने तुटलेल्या कुटुंबाची जागा छापखाना, वसतिगृह, नियतकालिक आणि मंडळी यांनी घेतली. या संस्थांत दोष होते, मिशनरी वर्चस्वाचे ताण होते आणि टिळकांचे बंड त्याचीच साक्ष देते. तरीही त्यांच्याशिवाय ही उत्तरायुष्ये अशी फळाला आली नसती.

ज्यांची आत्मचरित्रे नाहीत

येथपर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाच पाहिजे. वर विचारात घेतलेल्या चारही व्यक्ती असामान्य होत्या. त्यांना लेखणी होती, मुद्रणाची सोय होती. परंतु ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांत फार मोठी संख्या खेड्यापाड्यांतील महार आणि मांग कुटुंबांची होती. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर, १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तेथे आश्रय घेणाऱ्या कुटुंबांतील म्हाताऱ्या माणसांनी आपली श्रद्धा कशी जगली, दुष्काळात काय सोसले, मरताना काय म्हटले, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. नेत्याचे नाव इतिहासात आले. अनुयायी मात्र आकड्यांत उरले.

शिवाय, उत्तरायुष्याचे प्रयोजन म्हणजे कर्तृत्व, अशी समजूत करून घेतली तर अंथरुणाला खिळलेल्या, स्मृती हरवलेल्या किंवा हात थरथरू लागल्यामुळे काहीच करू न शकणाऱ्या वृद्धाचे काय? त्याचे जगणे निष्प्रयोजन समजायचे काय? या प्रश्नाला रमाबाईंच्या भाषांतरात उत्तर सापडत नाही; ते त्यांच्या प्रीतिसदनात सापडते. तेथे ठेवलेल्या म्हाताऱ्या आणि अपंग स्त्रियांकडून ग्रंथनिर्मितीची अपेक्षा नव्हती. त्या होत्या, एवढेच पुरेसे होते. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरत नाही, हा विचार रमाबाईंनी पुस्तकात मांडला त्याहून अधिक ठसठशीतपणे त्या एका विभागाच्या रूपाने मांडला. म्हणून ख्रिस्ती दृष्टीने वार्धक्याच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. वृद्धाने आपल्याला दिलेले काम शोधावे, ही एक बाजू. आणि जो काम करू शकत नाही त्याला समाजाने सन्मानाने सांभाळावे, ही दुसरी. पहिली बाजू व्यक्तीची श्रद्धा पारखते, तर दुसरी समाजाची.

वर्तमान संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणासाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्टच एकत्र कुटुंबाचा आधार सैल झाल्याचे सांगते. वालूरसारख्या परभणी जिल्ह्यातील गावांत हे सहज दिसून येते. तरुण मुले पोटापाण्यासाठी पुणे-मुंबईची वाट धरतात, काही कुटुंबे उसतोडीला जातात आणि घरी म्हातारी माणसे उरतात. धर्मांतरितांच्या पहिल्या पिढीला जो प्रश्न एका निर्णयाने भेडसावला, तोच आज सर्व धर्मांच्या वृद्धांना स्थलांतराने भेडसावत आहे. या दृष्टीने पाहता लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांचे उत्तरायुष्य हा केवळ ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा भाग राहत नाही. तयार आधार हरवल्यानंतर माणूस कशाच्या बळावर उभा राहतो, याचा तो दस्तऐवज ठरतो.

निष्कर्ष

१. धर्मांतरामुळे व्यक्तीला वार्धक्याचा कौटुंबिक आधार आणि वार्धक्याला अर्थ देणारी पारंपरिक चौकट, या दोन्ही गोष्टी गमवाव्या लागल्या. पहिल्या पिढीतील मराठी ख्रिस्ती व्यक्तींनी या दोहोंना पर्याय उभे केले.

२. टिळकांनी संन्यासाची, तर लक्ष्मीबाईंनी ओवीची परंपरा नव्या आशयाने स्वीकारली. उत्तरायुष्यातील ख्रिस्ती श्रद्धा अधिकाधिक मराठी होत गेली, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

३. श्रद्धेमुळे वार्धक्यातील दुःखे टळली नाहीत. अपत्यवियोग, वैधव्य, बहिरेपण आणि दारिद्र्य तसेच राहिले. श्रद्धेने त्या दुःखांच्या सोबतीने करावयाचे काम दिले.

४. स्त्रियांच्या बाबतीत उत्तरायुष्य हा कर्तृत्वाचा स्वतंत्र कालखंड ठरू शकतो. लक्ष्मीबाईंची ग्रंथकर्ती म्हणून ओळख वैधव्यानंतरच निर्माण झाली.

५. खेड्यापाड्यांतील सामान्य ख्रिस्ती वृद्धांचा इतिहास अद्याप लिहिला जावयाचा आहे. मंडळ्यांच्या नोंदवह्या, दफनभूमीतील शिलालेख आणि हयात ज्येष्ठांच्या मौखिक आठवणी ही त्याची साधने होत. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेणे शक्य आहे. ज्यांच्याकडे आठवणी आहेत ती माणसे वयोवृद्ध असल्यामुळे या कामास विलंब परवडणारा नाही.